एफएसडी एकच, गाड्या वेगळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेस्लाच्या फुल सेल्फ ड्रायव्हिंगबद्दल, म्हणजे एफएसडीबद्दल, अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. अलीकडे भारतातूनही येऊ लागलेत. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांची सुरुवात "अमक्याच्या गाडीत तर..." अशी असते, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. "एफएसडी कसं आहे?" असं कोणी विचारलं की "कोणत्या गाडीत?" हे आधी विचारावंच लागतं. मित्राच्या गाडीत पाहिलेल्या सफाईवर विसंबून आपल्या गाडीत निर्धास्त बसणं जिवावर बेतू शकतं. एवढ्या तपशिलात शिरण्याचं कारण तेच.

१. एफएसडी लावलं की गाडी खरंच आपली आपण चालते का?

चालते, पण जबाबदारी तुमचीच राहते. लेन बदलणं, सिग्नलला थांबणं, वळणं, एक्झिट घेणं हे सगळं गाडी करते. तरीही एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीत ही लेव्हल २ ची यंत्रणा आहे. म्हणजे चालकाने सतत रस्त्यावर लक्ष ठेवायचं आणि गाडी चुकली तर त्या क्षणी सावरायचं. २०२४ पासून नावापुढे ‘सुपरवाइज्ड’ जोडलंय ते याच कारणाने. पुढची सगळी उत्तरं हे गृहीत धरून वाचा.

२. सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं, मग मॉडेलनुसार चालवण्यात फरक का पडतो?

फरकाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर. तो किती मोठं न्यूरल नेटवर्क (चित्रं पाहून शिकणारं आणि निर्णय घेणारं सॉफ्टवेअर) किती वेगाने चालवू शकतो, यावर सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती मिळणार ते ठरतं. त्याच्या जोडीला कॅमेरे येतात: किती आहेत, कुठे बसवलेत आणि किती स्पष्ट बघतात.

मग गाडीचं अंग. लांबी, वजन, स्टीअरिंगची रचना, सस्पेन्शन, ब्रेकचा प्रतिसाद. "इतकं वळ" हा हुकूम दोन टनांच्या आतल्या सेडानला आणि तीन टनांच्या ट्रकला सारखाच लागू पडत नाही.

एका कारणाकडे मात्र सहसा कोणाचं लक्ष जात नाही. त्या मॉडेलच्या किती गाड्या रस्त्यावर आहेत? २०२४ च्या मार्चमध्ये सर्वदूर पोचलेल्या व्ही१२ पासून, म्हणजे बाराव्या आवृत्तीपासून, एफएसडी माणसांच्या ड्रायव्हिंगचे व्हिडिओ पाहून शिकतं. मॉडेल वाय २०२३ मध्ये जगातली सर्वाधिक खपाची गाडी होती, त्यामुळे तिच्या उंचीवरून आणि तिच्या कोनातून दिसणारं जग सॉफ्टवेअरने उदंड पाहिलंय. सायबरट्रक या टेस्लाच्या पिकअप ट्रकच्या नशिबी ते भाग्य नाही (प्रश्न ८ पाहा).

३. माझ्या गाडीत कोणता कॉम्प्युटर आहे, हे कसं ओळखायचं?

स्क्रीनवर ‘कंट्रोल्स’मध्ये ‘सॉफ्टवेअर’ उघडा आणि ‘अ‍ॅडिशनल व्हेईकल इन्फॉर्मेशन’वर टिचकी मारा. तिथे ऑटोपायलट कॉम्प्युटरचं नाव दिसतं. हार्डवेअर ३ आणि हार्डवेअर ४ (यालाच एआय४ म्हणतात) ही दोन नावं कळली तरी बहुतेकांचं काम होतं.

हार्डवेअर ३ २०१९ च्या वसंतात आलं. हार्डवेअर ४ २०२३ च्या सुरुवातीला आधी मॉडेल एस आणि एक्सला मिळालं, त्या वर्षाच्या मध्याच्या सुमारास मॉडेल वायला, आणि अमेरिकेत मॉडेल ३ ला २०२४ च्या नव्या रूपाबरोबर. सायबरट्रक पहिल्या दिवसापासून हार्डवेअर ४ वर आहे. २०२३ ची मॉडेल वाय या दोन्हींपैकी कोणतीही असू शकते, म्हणून नुसत्या सालावर जाऊ नका, स्क्रीनवर बघा.

४. माझ्या मेव्हण्याची २०२४ ची मॉडेल वाय लोण्यासारखी चालते. माझी २०२१ ची, तीही मॉडेल वायच, जागोजागी अडखळते. माझ्या गाडीत बिघाड आहे का?

बिघाड नसावा. बाहेरून सारख्या दिसल्या तरी सॉफ्टवेअरच्या दृष्टीने या दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत.

तुमच्या गाडीचे कॅमेरे सुमारे १.२ मेगापिक्सेलचे, मेव्हण्याच्या गाडीचे सुमारे ५ मेगापिक्सेलचे. तुमच्या कॉम्प्युटरची मेमरी ८ जीबी, त्यांच्या १६. हार्डवेअर ३ हे २०१९ च्या मानाने जबरदस्त होतं. दोन चिप मिळून सेकंदाला १४४ लाख कोटी गणितं करण्याची त्याची क्षमता कंपनीने तेव्हा मिरवली होती. पण नंतरची नेटवर्कं त्यात मावेनाशी झाली.

म्हणून वाटा वेगळ्या झाल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात एफएसडीचं १२.५ हे रूप आधी हार्डवेअर ४ ला मिळालं. हार्डवेअर ३ साठी ते आटोपशीर करून द्यावं लागलं आणि त्याला काही आठवडे लागले. वर्षअखेरीस आलेलं व्ही१३ फक्त हार्डवेअर ४ साठी होतं. त्यात कॅमेऱ्यांचं पूर्ण रेझोल्युशनचं चित्र सेकंदाला ३६ वेळा थेट नेटवर्कला मिळू लागलं. गाडी उभ्या जागेवरून स्वतः निघू लागली, गरज पडली तर रिव्हर्स घेऊ लागली. हार्डवेअर ३ ला २०२५ च्या जानेवारीत १२.६ मिळालं, ते आधीपेक्षा बरंच सुधारलेलं होतं, पण व्ही१३ नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात व्ही१४ आलं, तेही हार्डवेअर ४ साठीच.

प्रत्यक्ष रस्त्यावर हे कुठे जाणवतं? डावीकडे वळायचंय (अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे समोरची वाहतूक ओलांडून), बाणाचा सिग्नल नाही आणि समोरून ताशी ७० किलोमीटरने गाड्या येतायत अशा जागी. कॅमेऱ्यात लांबची गाडी जितक्या लवकर ठळक होते, तितका निर्णय लवकर आणि ठाम होतो. कमी स्पष्ट चित्रात तीच गाडी उशिरा ओळखली जाते. मग गाडी निघते, थबकते, पुन्हा निघते. मागच्याचा हॉर्न वाजतो तो त्या थबकण्यावर. अशा वळणावर हार्डवेअर ३ असेल तर पाय ब्रेकजवळ हवाच.

५. म्हणजे मॉडेलपेक्षा कॉम्प्युटर महत्त्वाचा?

मॉडेल ३ आणि मॉडेल वायपुरतं बोलायचं तर हो. दोघींचा कॉम्प्युटर आणि आवृत्ती सारखी असेल तर स्वभावही जवळपास सारखाच असतो. मॉडेल वाय उंच असल्याने खड्ड्यात आणि वळणावर अंग थोडं जास्त हलतं, इतकंच.

एक अपवाद लक्षात ठेवा. २०२३ मध्ये ज्यांनी हार्डवेअर ४ च्या पहिल्या गाड्या घेतल्या, त्यांना नव्या कॅमेऱ्यांचा फायदा बराच काळ मिळाला नाही. तेव्हाचं सॉफ्टवेअर हार्डवेअर ३ च्या चित्रांवर तयार झालेलं होतं, त्यामुळे नव्या कॅमेऱ्याचं चित्र लहान करून त्याला दिलं जाई. नवं यंत्र आलं म्हणजे चालवणं लगेच सुधारतं असं नाही.

६. जुन्या गाडीत हार्डवेअर ४ बसवून मिळतं का?

नाही. हार्डवेअर २ आणि २.५ च्या ज्या मालकांनी एफएसडी विकत घेतलं होतं, त्यांना हार्डवेअर ३ फुकट बसवून मिळालं, कारण ते जुन्या जागेत बसत होतं. हार्डवेअर ४ चा आकार, वीजपुरवठा आणि कॅमेरे सगळंच वेगळं आहे.

२०२५ च्या जानेवारीत ईलॉन मस्क यांनी गुंतवणूकदारांसमोर मान्य केलं, की ज्यांनी एफएसडी विकत घेतलंय त्यांच्या हार्डवेअर ३ चा कॉम्प्युटर बदलावा लागेल आणि ते काम अवघड असेल. लोकांनी एफएसडीसाठी हजारो डॉलर मोजलेत, एका काळात किंमत १५ हजारांपर्यंत गेली होती. ते पैसे ‘पुढे पूर्ण होईल’ या भरवशावर दिले होते. त्यामुळे हा शब्द कंपनीने पाळलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याची वर्गणी भरणाऱ्यांचा त्या आश्वासनात उल्लेख नव्हता.

७. स्टॉप साइनला थांबल्यावर गाडी नाक हळूहळू पुढे का काढते? काही मॉडेलांत हे जास्त जाणवतं, ते का?

आडव्या रस्त्यावरून येणारी गाडी मुख्यतः बाजूच्या कॅमेऱ्यांना दिसते, आणि ते पुढच्या व मागच्या दारांमधल्या खांबात बसवलेले आहेत. बंपरपासून ते दोन मीटरहून जास्त मागे, चालकाच्या खांद्याच्या रेषेत. कोपऱ्यावर झुडूप किंवा उभी व्हॅन असेल तर तुम्ही आम्ही सीटवर पुढे वाकून बघतो. कॅमेऱ्याला वाकता येत नाही. त्याला बघायचं तर अख्खी गाडी पुढे न्यावी लागते, आणि तो कॅमेरा झुडपाच्या पलीकडे डोकावेपर्यंत नाक आडव्या लेनच्या कडेला पोचलेलं असतं.

खांबाच्या पुढचा भाग जितका लांब, तितका हा प्रकार जास्त. मॉडेल ३ मध्ये त्यातल्या त्यात कमी, सायबरट्रकमध्ये जास्त. हार्डवेअर ४ चा कॅमेरा लांबचं स्पष्ट बघतो, पण झुडपाच्या आरपार तोही बघू शकत नाही. तुमच्या रोजच्या वाटेवर असा आंधळा कोपरा असेल तर तिथे गाडी स्वतःच चालवा.

८. सायबरट्रक सगळ्यात नवा, सगळ्यात महाग. मग त्यात एफएसडी मागे का?

कारण तो बाकीच्या टेस्लांसारखा नाही. पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या ३० नोव्हेंबर २०२३ ला. एफएसडी यायला २०२४ चा सप्टेंबर संपत आला, आणि तेही आधी मोजक्यांना मिळालं. व्ही१४ सुद्धा बाकीच्या हार्डवेअर ४ गाड्यांनंतरच सायबरट्रकला आलं.

लांबी सुमारे ५.७ मीटर, मॉडेल ३ पेक्षा जवळपास मीटरभर जास्त. वजन तीन टनांच्या आसपास. समोरची काच प्रचंड मोठी आणि तिरकी, त्यामुळे कॅमेऱ्याची उंची आणि कोन दोन्ही बदलतात. स्टीअरिंग आणि चाकं यांच्यात दांडा नाही. हुकूम तारेतून जातो, आणि मागची चाकंही वळतात. एवढा मोठा ट्रक अरुंद जागेत आश्चर्य वाटावं इतका चटकन वळतो, पण ‘स्टीअरिंग एवढं फिरवलं की गाडी इथे पोचेल’ हे सेडानवर बसलेलं गणित इथे नव्याने मांडावं लागतं.

अरुंद लेनमध्ये, विशेषतः रस्त्याचं काम चालू असताना लावलेल्या सिमेंटच्या कठड्यांमध्ये, दोन्ही बाजूंना जागा फार कमी उरते. तिथे माझा सल्ला एकच: हात स्टीअरिंगवर, आणि शंका आली की ताबा आपल्याकडे.

९. पार्किंगमध्ये माझी जुनी गाडी जास्त अचूक अंतर सांगायची. नवी का नाही?

२०२२ च्या ऑक्टोबरपासून मॉडेल ३ आणि वायमधून बंपरमधले अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे) सेन्सर काढले गेले, पुढे एस आणि एक्समधूनही. तेव्हापासून अंतराचा अंदाज कॅमेऱ्यांवरून बांधला जातो. नाकासमोरची जमीन काचेवरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे आधी काय पाहिलं होतं यावर अंदाज चालतो. सायबरट्रक आणि २०२५ ची नवी मॉडेल वाय यांना पुढच्या बंपरमध्येही कॅमेरा आहे, त्यामुळे ही अडचण तिथे बरीच कमी होते.

१०. आमच्या २०१९ च्या मॉडेल एसमध्ये सारखं स्टीअरिंग हलवायला सांगतात. मुलीच्या मॉडेल ३ मध्ये नाही. का?

मॉडेल ३ मध्ये आरशाच्या वर आतला कॅमेरा आहे. चालकाची नजर रस्त्यावर आहे की फोनवर, हे तो बघतो. २०२१ च्या बदलाआधीच्या मॉडेल एस आणि एक्समध्ये तो नाही, म्हणून तुम्ही जागे आहात हे कळायला स्टीअरिंगवरचा हाताचा जोर एवढाच मार्ग उरतो. हे टाळायला स्टीअरिंगला वजन लटकवणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. त्या गाडीत तुमच्यावर लक्ष ठेवणारं दुसरं काहीच नाही.

११. मॉडेल तेच, साल तेच, आवृत्तीही तीच. तरी शेजाऱ्याची गाडी वेगळी चालते. हे कसं?

आधी स्पीड प्रोफाइल बघा. ‘चिल’वर (निवांत) ठेवलेली आणि ‘हरी’वर (घाईत) ठेवलेली गाडी वेगळ्याच वाटतात.

मग कॅलिब्रेशन. नव्या गाडीला किंवा समोरची काच बदलल्यावर कॅमेऱ्यांना आपली नेमकी जागा ओळखायला साधारण ३२ ते ४० किलोमीटर लागतात, कधी त्याहून बरेच जास्त. लेनच्या मधोमध न चालता गाडी सतत एका बाजूला झुकत असेल तर सर्व्हिस मेनूतून कॅलिब्रेशन पुन्हा करून बघा. त्याआधी टायरमधली हवा आणि व्हील अलाइनमेंट तपासा. बाकी कॅमेऱ्यावरचा चिखल, बर्फ, काचेच्या आतून धरलेला धुरकट थर. समोरच्या कॅमेऱ्यांना वायपर आहे, बाजूच्यांना नाही.

१२. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात मॉडेल वाय टॅक्सी म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नसताना धावते. माझी का नाही?

२२ जून २०२५ ला सुरू झालेल्या त्या टॅक्सी ठरावीक भागातच फिरत होत्या, वेगळ्या आवृत्तीवर चालत होत्या आणि सुरुवातीला शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस असे. दूरवरून मदतीची सोयही होती. तुमच्या गाडीला यातलं काही नाही. गाडी तीच दिसते म्हणून परवानगी तीच होत नाही.

१३. कोरियात किंवा ऑस्ट्रेलियात तीच गाडी घेतली तर एफएसडी तसंच मिळेल?

सांगता येत नाही, आणि इथे कारण तांत्रिक असेलच असंही नाही. दक्षिण कोरियात २०२५ च्या नोव्हेंबरात एफएसडी सुरू झालं ते अमेरिकेत बनलेल्या, हार्डवेअर ४ असलेल्या मॉडेल एस आणि एक्ससाठी. अमेरिकी सुरक्षा मानकांप्रमाणे बनलेल्या गाड्या दोन देशांमधल्या करारामुळे तिथे चालतात. तिथल्या बहुतेक मॉडेल ३ आणि वाय चीनमधून येतात, त्या वगळल्या गेल्या. कॉम्प्युटर तोच असूनही!

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ते २०२५ च्या सप्टेंबरात आलं, डावीकडून चालणाऱ्या रस्त्यांसाठी पहिल्यांदाच, आणि सुरुवातीला फक्त हार्डवेअर ४ ला.

१४. बीकेसीतून मॉडेल वाय घेतली आणि एफएसडीचे ६ लाख भरले, तर मुंबईत काय मिळेल?

१५ जुलै २०२५ ला बीकेसीत शोरूम उघडलं तेव्हा यादीत एफएसडी ६ लाखांना होतं, पण अमेरिकेत दिसतं तसं एफएसडी भारतीय रस्त्यांवर तेव्हा चालू नव्हतं. ते पैसे भविष्यासाठी मोजायचे होते. २०२३ च्या डिसेंबरात नितीन गडकरींनी नागपुरात सांगितलं होतं, की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. माझं ऐकाल तर सुविधा सुरू झाल्यावर पैसे भरा. प्रश्न ६ मधल्या लोकांनीही आधीच भरले होते.

१५. टेस्ला नाही, साधी टोयोटा किंवा होंडा आहे. त्यात ओपनपायलट बसवलं तर सगळ्या गाड्या सारख्या चालतील का?

नाही, आणि मला या विषयात सगळ्यात बोलकं उदाहरण हेच वाटतं. कॉमा एआय या कंपनीचं ओपनपायलट २०१६ पासून सर्वांसाठी खुलं आहे. काचेवर एक छोटं यंत्र लावायचं आणि ते गाडीच्या मूळ लेन-असिस्टच्या तारांना जोडायचं. कॅमेरे तेच, कॉम्प्युटर तोच, सॉफ्टवेअर तेच. बदलते ती फक्त गाडी. तरीही शेकडो मॉडेलांच्या यादीत प्रत्येकापुढे वेगळ्या अटी लिहिलेल्या असतात.

२०१६ ते २०१८ ची होंडा सिव्हिक ताशी १९ किलोमीटरच्या खाली स्टीअरिंग फिरवू देत नाही. २०१९ नंतरच्या क्रायस्लर पॅसिफिकात ही मर्यादा ताशी ६३ च्या आसपास आहे, म्हणजे गर्दीत ओपनपायलटचा वळण्यासाठी उपयोगच नाही. टोयोटा कोरोलात अशी खालची मर्यादा नाही. काही गाड्या सिग्नलला थांबल्यावर स्वतः निघतात, काहींना पेडल दाबून सांगावं लागतं.

स्टीअरिंगची मोटर किती जोर लावू देईल हेही गाडी बनवणारी कंपनी ठरवते. कमी जोराच्या गाडीत हायवेच्या गोल रॅम्पवर सॉफ्टवेअरला वळण पूर्ण दिसत असतं, किती वळायचं तेही कळत असतं, पण मोटर तेवढी वळत नाही. गाडी बाहेरच्या कडेला सरकते आणि स्क्रीनवर ‘टर्न एक्सीड्स स्टीअरिंग लिमिट’ अशी सूचना येते. त्या क्षणी हात स्टीअरिंगवर नसेल तर गाडी लेन सोडते.

याला थोडा उतारा सॉफ्टवेअरमध्येच आहे. स्टीअरिंग किती फिरवल्यावर ही गाडी किती वळते, टायर किती धरतात, हे ते चालता चालता शिकत राहतं. टायर बदलले की पुन्हा शिकतं. काही नव्या टोयोटांमध्ये मात्र आतल्या संदेशांवर कुलूप आलंय, तिथे ओपनपायलट बसवणं अवघड झालंय.

१६. मग विनाचालक टॅक्सी चालवणारी वेमो ही कंपनी मोजक्याच प्रकारच्या गाड्या का वापरते?

वरच्या सगळ्या भानगडी टाळायला. जॅग्वार आय-पेसवर त्यांनी २९ कॅमेरे, ५ लायडार (लेझरने अंतर मोजणारी यंत्रं) आणि ६ रडार ठरलेल्या जागी बसवले. नव्या, झीकरने बनवलेल्या गाडीसाठी मांडणी नव्याने ठरवली: १३ कॅमेरे, ४ लायडार, ६ रडार. गाडी बदलायची तर पुन्हा चाचण्या आल्या. मर्सिडीझच्या ड्राइव्ह पायलटला २०२३ मध्ये नेवाडा आणि कॅलिफोर्नियात लेव्हल ३ ची (ठरावीक परिस्थितीत चालकाने सतत रस्त्यावर नजर ठेवायची गरज नाही अशी) परवानगी मिळाली, तीही फक्त एस-क्लास आणि ईक्यूएस या दोनच मॉडेलांपुरती.

१७. एफएसडीसाठी कोणतं मॉडेल सगळ्यात सुरक्षित?

कंपनी सुरक्षिततेचे जे आकडे प्रसिद्ध करते ते सगळ्या मॉडेलांचे एकत्रित असतात, त्यावरून हे ठरवता येत नाही. सरकारी कारवाईही एका मॉडेलपुरती राहिलेली नाही. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या रिकॉलमध्ये, म्हणजे दोष दूर करण्याच्या मोहिमेत, एस, एक्स, ३ आणि वाय मिळून सुमारे ३ लाख ६३ हजार गाड्या होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरात धुकं, धूळ, सूर्याची तिरीप अशा वेळी एफएसडी कसं वागतं याची जी चौकशी सुरू झाली, तिच्यात सुरुवातीला सायबरट्रकसह सुमारे २४ लाख गाड्या होत्या. तेव्हा सूर्य समोर असताना मॉडेल कोणतंही असो, डोळे रस्त्यावर ठेवा.

१८. घरात दोन गाड्या आहेत, जुनी मॉडेल ३ आणि नवी मॉडेल वाय. दोघंही आलटून पालटून चालवतो. काही काळजी घ्यावी का?

नक्की घ्या. खरा धोका नव्या गाडीतून उतरून जुनीत बसताना असतो. नवी गाडी ज्या चौकात अलगद निघते, तिथे जुनी उशिरा ठरवते. पण तुमचा पाय मात्र नवीच्या सवयीने आरामात असतो. जुनीत बसताना तिचे कच्चे कोपरे आठवा, आणि घरात दुसरं कोणी चालवत असेल तर त्यांनाही सांगा: अमका चौक, तमका रॅम्प, संध्याकाळी पश्चिमेकडे जाणारा रस्ता.

१९. वापरलेली टेस्ला घेतोय. एफएसडीसाठी काय तपासू?

कॉम्प्युटर आधी (प्रश्न ३). मग आतला कॅमेरा आहे का (प्रश्न १०), आणि समोरची काच कधी बदलली होती का (प्रश्न ११). जाहिरातीत ‘एफएसडीसह’ लिहिलं असेल तर ते विकत घेतलेलं आहे की मालकाची महिन्याची वर्गणी, हे गाडीच्या स्क्रीनवर स्वतः बघा. वर्गणी मालकाबरोबर जाते. विकत घेतलेलं असलं तरी मधे गाडी कंपनीकडे परत गेली असेल तर ते काढून टाकलेलं असू शकतं. शेवटी, विकणाऱ्याला सोबत घेऊन तुमच्या रोजच्या वाटेवरच गाडी चालवून बघा, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर.